हेदर्लीची धाकटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. उंचीला वीतभरसुद्धा नाही, कड एका जागी चेपलेली, आणि वरच्या कडीत चामड्याचा पट्टा. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवायला नको. मी मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. शेजारच्या मुलीला बक्षीस मिळालं आणि टाळ्या वाजवता वाजवता तुम्ही ओठ चावलात, असं कधी झालं असेल, तर माझी गोष्ट तुम्हाला लवकर कळेल.

सध्या माझा मुक्काम बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरकडेला आहे. बिभीषण नावाच्या म्हाताऱ्या धनगराचा मेंढ्यांचा कळप आहे. कळपाच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात माझी जागा. धारूरहून केजला जाताना मेंढरांनी कधी तुमची जीप अडवली असेल आणि पुढून ‘ठक् टण, ठक् टण’ असा आवाज आला असेल, तर ती मीच. समुद्र इथून कितीतरी दूर आहे. तरीही मी जन्माने आगबोटीची घंटी आहे. हे ऐकून इथली माणसं हसतात. तुम्ही हसू नका.

ऐंशीहून जास्त वर्षं झाली. जगात मोठं युद्ध पेटलं होतं. दूर परमुलखात, एका थंड गावात नदीच्या मुखाशी बोटी बांधायचा कारखाना होता. शत्रू मालाच्या बोटी बुडवत होता, आणि बुडतील त्याहून लवकर नव्या बांधा असा वरून हुकूम होता. तिथल्या भट्टीत पितळ वितळवून एका नव्या बोटीसाठी घंटा ओतली. ती थोरली. घागरीएवढी, जाडजूड, अंगावर बोटीचं नाव आणि साल कोरलेलं : हेदर्ली, १९४२. मुशीच्या तळाशी थोडं पितळ उरलं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याची मी झाले. माझ्यावर कुणी एक अक्षरही कोरलं नाही. एकाच मुशीतल्या आम्ही दोघी, पण ती घंटा आणि मी उरलंसुरलं. माझ्या मत्सराची सुरुवात तिथेच झाली.

आम्हा दोघींना एका फळीवर ठेवलं होतं. समोर हेदर्ली बांधली जात होती. आधी तिचा लांबलचक कणा जमिनीवर आडवा घातला. त्यावर पोलादी फासळ्या उभ्या केल्या. मग एकेक पत्रा दोरखंडांनी वर चढू लागला, आणि तोंडावर काळा मुखवटा घातलेल्या बाया ठिणग्या उडवत पत्र्याला पत्रा जोडू लागल्या. पुरुष लढाईवर गेले होते, म्हणून ते काम बायांकडे आलं होतं. त्यातल्या एकीचा नवरा अशाच एका बोटीबरोबर बुडाला होता. ती कुणाशी बोलायची नाही. थंडीने तिची बोटं सुजायची, ती काखेत धरून गरम करायची आणि पुन्हा कामाला लागायची.

दोन महिन्यांत बोट उभी राहिली. शेवटच्या आठवड्यात तर दिवसाला दोन दिवसांचं काम चाललं होतं. गारठलेल्या पावसात नाळेजवळचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, एक सांधा जोडला. मुकादमाने त्यावरून हात फिरवला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, “चालेल.” मी ते ऐकलं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं, कारण त्याच वेळी दोन माणसं थोरलीला मऊ फडक्याने पुसत होती.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी बँड वाजला. आपल्याकडे नारळ फोडतात तशी तिथे बाटली फोडतात, ती नाळेवर फोडली. थोरलीला रंगीत फीत बांधून पुढच्या डेकवर मानाने टांगलं. मला भटारखान्यात बटाट्यांच्या पोत्यावर एका खिळ्याला अडकवलं. बाहेर टाळ्या पडत होत्या आणि माझ्या अंगावर वाफ येत होती. मला रडू येत नव्हतं, कारण घंटीला डोळे नसतात. नाहीतर आलं असतं.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. गहू, ताग, चहाच्या पेट्या, लोखंडी नळ्या, काय वाटेल ते हेदर्लीच्या पोटात भरत. थोरली दर अर्ध्या तासाला वाजे आणि त्यावर सगळ्या बोटीचा कारभार चाले. मी दिवसातून तीनदा, जेवणापुरती. खलाशी माझ्या आवाजाला धावत येत खरे, पण ते यायचे भातासाठी. आमचा स्वयंपाकी रत्नागिरीकडचा होता, त्याला बोटीवर भंडारी म्हणत. तोसुद्धा मला पळीने बडवायचा. माझ्या पोटात आपटून वाजणारा स्वतःचा लोखंडी लोलक होता, पण तो हलवायला हात वर करावा लागे आणि भंडाऱ्याला त्याचा कंटाळा होता.

चौथ्या फेरीला आम्ही मुंबईच्या गोदीत उभे होतो. आखातातल्या पलटणींसाठी चारशे जिवंत मेंढ्या न्यायच्या होत्या. मेंढ्या धक्क्यापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. बोटीवर चढायच्या हलत्या फळीवर एकही पाय टाकेना. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आरडाओरडा केला, हमालांनी ढकललं, दोन मेंढ्या पाण्यात पडल्या. तेव्हा मेंढ्यांबरोबर आलेला एक तरुण भटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी. त्याचं नाव म्हाळू. धारूरकडून ठेकेदाराच्या मेंढ्या घेऊन तो महिनाभर चालत आला होता.

“ती घंटी द्या की जरा,” तो भंडाऱ्याला म्हणाला.

“तुला कशाला रे घंटी?”

“मेंढरं मानसाच्या मागं येत न्हाईत. मेंढ्याच्या मागं येतात.”

त्याने मला एका भुरकट मेंढ्याच्या गळ्यात बांधलं. त्या मेंढ्याला तो भुऱ्या म्हणायचा. म्हाळू पुढे, मागे भुऱ्या, आणि भुऱ्याच्या गळ्यात मी. फळीवर पाऊल पडलं, मी वाजले, आणि मागची चारशे मेंढरं ओळीने बोटीवर चढली. धक्क्यावरची माणसं हसून टाळ्या वाजवू लागली. कप्तानाने म्हाळूची पाठ थोपटली आणि मेंढ्यांची देखभाल करायला त्याला बोटीवरच ठेवून घेतलं. मित्रांनो, त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या. त्या दिवशी मी थोरलीकडे वर मान करून पाहिलं. ती आपली अर्ध्या तासाची वाट बघत गप्प लटकली होती.

म्हाळूने समुद्र कधी पाहिला नव्हता. दोन दिवस तो ओकत होता, पण ओकून झालं की तोंड पुसून मेंढरांना पाणी पाजायचा. उकाड्याने भुऱ्या धापा टाकू लागला, म्हणून चौथ्या दिवशी त्याने त्याची सगळी लोकर कातरली. एवढ्या मेंढरांत कातरलेला तो एकटाच.

पाचव्या दिवशी सकाळी, भंडारी चुलीवर चहा ठेवत असताना, हेदर्ली पाण्यातल्या सुरुंगावर आदळली. आवाज असा झाला की माझं अंग बराच वेळ थरथरत राहिलं. सुरुंगाने भोक पाडलं ते लहानच होतं. पण नाळेजवळचा तो सांधा, ज्याला मुकादम ‘चालेल’ म्हणाला होता, तो वरपासून खालपर्यंत उसवला. समुद्र आत शिरला. दोन महिन्यांत बांधलेली बोट पाव तासात गेली.

पुढच्या डेकवर एक कोवळा अधिकारी थोरली बडवत होता. सगळी बोट तिच्याकडे कान लावून होती. माणसं होड्यांकडे धावत होती. म्हाळू मात्र मेंढरांकडे धावला. त्याने कुंपणाची कडी काढली आणि तेवढ्यात डेक तिरका झाला. आम्ही सगळे पाण्यात गेलो. बाकीच्या मेंढ्यांची लोकर पाण्याने जड झाली आणि त्या एकेक करून खाली गेल्या. भुऱ्या कातरलेला होता, तो तरंगला. म्हाळूने त्याचं शिंग घट्ट धरलं.

तेव्हाच थोरलीचा आवाज पाण्यात बुडाला. आणि आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलं नाही. माणसं मरत होती, मेंढरं मरत होती, आणि मला वाटलं, बरं झालं. गेली एकदाची. क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

पाण्यावर तेलाचा काळा धूर पसरला होता. होडीतल्या माणसांना काही दिसत नव्हतं. भुऱ्या पाय मारत होता, प्रत्येक वेळी मी वाजत होते, आणि त्या आवाजाच्या रोखाने होडी आली. म्हाळूला वर ओढलं. भुऱ्याला घ्यायला जागा नव्हती, होडी काठोकाठ भरली होती. म्हाळू हात जोडत होता. अधिकाऱ्याने मान हलवली. निदान पट्टा त्याच्या गळ्याला काचू नये म्हणून म्हाळूने तो कापला आणि मला आत घेतलं. भुऱ्या होडीच्या मागे पोहत राहिला. म्हाळू मला हलवत राहिला, आणि आवाज धरून तो येत राहिला. मग एका लाटेसरशी मी होडीच्या काठावर आपटले आणि माझा लोखंडी लोलक तुटून पाण्यात पडला. मी मुकी झाले. भुऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि धुरात भलत्याच दिशेला वळला.

म्हाळू गावी परतला तो मला कमरेला बांधूनच. घरी आल्यावर त्याने मेंढ्याच्या शिंगाचा एक तुकडा घेतला, आठवडाभर घासला, आणि त्याचा लोलक करून माझ्यात बसवला. “भुऱ्याची कायतरी आठवण पाहिजे आत,” असं तो म्हणाला. तेव्हापासून माझा आवाज ‘ठक् टण’ असा झाला, अर्धा लाकडासारखा, अर्धा पितळेचा. मला त्याची लाज वाटायची. देवळात लखलखीत घंटा वाजली की मी आतल्या आत जळायचे. पण मेंढरांना तोच आवाज ओळखीचा झाला. त्यांची कोकरं तोच ऐकत जन्मली, आणि त्यांच्या कोकरांची कोकरंही. म्हाळूचा नियम होता की मला चिंचेने घासायचं नाही, राखेने तर नाहीच. कातरलेल्या लोकरीचा तेलकट बोळा फिरवायचा, बस. तोच नियम त्याचा मुलगा बिभीषण याने पाळला.

बरीच वर्षं बरी गेली. म्हाळू गेला, बिभीषण म्हातारा झाला आणि कानाने जड झाला. त्याचा मुलगा अंगद कडा गावच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, म्हणून कळप आता अंगदची बायको उज्ज्वला सांभाळते. म्होरक्या म्हणून तिने चांद्याला तयार केलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. तो माझ्याशिवाय पाऊल टाकायचा नाही, आणि त्याच्याशिवाय कळप उठायचा नाही. इतकं असूनही मी सुखी होते असं मात्र समजू नका. उज्ज्वलाचा मोबाइल वाजला की सगळे तिकडे बघतात, हेसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायचं.

गेल्या हिवाळ्यात मोबाइलनेच घात केला. उज्ज्वलाची मुलगी सायली केजच्या कॉलेजात शिकते. पणजोबा म्हाळूच्या पत्र्याच्या पेटीत बोटीच्या नोकरीचा एक कागद होता. त्यावरचं बोटीचं नाव तिने मोबाइलवर शोधलं, आणि धावत वाड्यावर आली. आमच्याकडे मेंढरांच्या बसायच्या जागेला वाडा म्हणतात.

“आबा, बघा! पाणबुड्यांनी समुद्रातून घंटा काढली. आपल्या पणजोबाच्या बोटीची!”

सगळे त्या पडद्यावर वाकले. चांद्यासुद्धा वाकला, म्हणून मलाही दिसलं. थोरली! ऐंशी वर्षं समुद्राच्या तळाशी होती ती. तिला धुतलं होतं, चमकवलं होतं, मखमलीवर ठेवलं होतं. अंगावरचं नाव स्पष्ट दिसत होतं. सूटबूट घातलेली माणसं तिच्याकडे पाहून डोळे पुसत होती.

“सोन्यावानी दिसती बघ,” बिभीषण म्हणाला.

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बुडताना ती कुणाच्या उपयोगी पडली? माणूस वाचवला तो मी. कळप सांभाळला तो मी. आणि सोन्यावानी ती!

ही बातमी बद्रीनाथरावांच्या कानावर गेली. गावातली निम्मी जमीन त्यांची. निवडणूक कोणतीही असो, त्यांच्या ओसरीवरूनच ठरते. त्यांच्याच शेतात आमची मेंढरं खतासाठी बसवली होती. ते स्वतः वाड्यावर आले.

“बिभीषणा, आपल्या शाळेत मोठा कार्यक्रम घेऊ. तुझा सत्कार करू. ही घंटी काचेच्या पेटीत ठिवायची. खाली तुझ्या बापाचं नाव. तीन दिसांनी पाहुने येनार हायेत.”

“पण मालक,” उज्ज्वला पदर सावरत म्हणाली, “घंटी दिली तर मेंढरं कुणाच्या मागं जायची?”

“दुसरी आनू की. धा आनू.”

“दुसरीच्या मागं न्हाई यायची ती.”

“अगं, ही बोटीची हाय. ती काय मेंढराच्या गळ्यात शोभती व्हय?”

मित्रांनो, मला त्यांचं म्हणणं पटलं. नुसतं पटलं नाही, मी हरखून गेले. काचेची पेटी! खाली नाव! मनात म्हटलं, हो म्हणा, लवकर हो म्हणा. बिभीषणला अर्धंच ऐकू आलं, बापाचं नाव तेवढं ऐकू आलं, आणि त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सायली मला घेऊन जीपने केजला गेली. असल्या मळकट अवतारात पाहुण्यांपुढे कशी न्यायची, म्हणून तिने मला भांडी चमकवणाऱ्याच्या मशीनवर दिलं. ऐंशी वर्षांची लोकरीची चरबी निघाली. मी झळाळले. कारागीर म्हणाला, आत ही शिंगाची काय घाण आहे, आणि त्याने ते उपटून बाजूला टाकलं. त्या जागी नवा पितळी लोलक बसवला. त्याने मला हलवलं आणि सगळ्या गल्लीत आवाज घुमला. तो आवाज, मित्रांनो, थोरलीचा होता. आयुष्यभर ज्याच्यासाठी जळले तो आवाज माझ्या तोंडातून आला. तेव्हा मला भुऱ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

संध्याकाळी बिभीषणने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “लई चकाकली की! बा असता तर वळखलीबी नसती.” आवाज काही त्याला नीट ऐकू आला नाही. उज्ज्वलाला मात्र आला. तिने सायलीला बाजूला घेतलं.

“आतलं शिंग कुठाय?”

“त्यानं टाकून दिलं गं आई. मला वाटलं, नवं बरं दिसंल.”

उज्ज्वलाने मला फडक्यात गुंडाळलं. “आबाला सांगू नको,” ती म्हणाली. “उद्याचाच दिवस तर हाय. परवा तशीबी पेटीतच जायची.”

पण तो उद्याचा दिवस होताच. सकाळी कळप घाटाच्या रस्त्यापलीकडे, बद्रीनाथरावांच्या वरच्या शेतात हलवायचा होता. चांद्या माझ्याशिवाय उठेना. उज्ज्वलाने मला त्याच्या गळ्यात बांधलं.

तो उठला. पहिलं पाऊल टाकलं, आणि त्याच्या छातीशी ‘टण्ण’ असा आवाज फुटला. चांद्या जागच्या जागी उडाला. कोण आलं म्हणून त्याने मागे पाहिलं. मान वळली, पुन्हा टण्ण. तो पळत सुटला. जेवढा तो पळे तेवढी मी वाजे, आणि जेवढी मी वाजे तेवढा तो पळे. खरं सांगू? पहिली काही पावलं मला आनंद होत होता. सगळा डोंगर माझा आवाज ऐकतोय, असं वाटत होतं.

मागे कळप फुटला. निम्मी मेंढरं रस्त्यावर गेली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याने कसाबसा ब्रेक दाबला. बिभीषण काठी उंचावून “हुर्र, हुर्र” करत होता. सायली मेंढरांना आडवी जात होती. उज्ज्वला चांद्याच्या मागे धावत होती.

“चांद्या! थांब रं! चांद्या!”

तिची हाक त्याच्या ओळखीची होती. पण माझ्या आवाजापुढे ती त्याला ऐकूच आली नाही. पुढे कडा होता. मला दिसला. मी गप्प बसायचा प्रयत्न केला, मित्रांनो, देवाशपथ केला. पण पळणाऱ्याच्या गळ्यातली घंटी गप्प बसू शकत नाही.

आम्ही दोघं खालच्या खडकांवर पडलो. माझी कड चेपली ती तिथे. चांद्याची मान वाकडी झाली होती, पण तो जिवंत होता. त्याचा श्वास चालू होता, प्रत्येक श्वासाला मी वाजत होते, आणि प्रत्येक वेळी तो दचकत होता. उज्ज्वला काट्याकुट्यांतून घसरत खाली आली. तिने पदराचं टोक गोळा केलं आणि माझ्या तोंडात कोंबलं. मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“न्हाई रं राजा. काय न्हाई. मी हाय.”

आवाज थांबला तसा चांद्या शांत झाला. थोड्या वेळाने त्याचा श्वासही थांबला.

वर आल्यावर सायलीने रडत रडत आबाला सगळं सांगितलं. बिभीषण तिला रागावला नाही. त्याने मला हातात घेतलं, तोंडातला पदराचा बोळा काढला, मला आपल्या छातीला टेकवलं आणि हळूच हलवलं. कानाने ऐकू येत नव्हतं ते त्याने छातीने ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

“ही आपली न्हाई,” तो म्हणाला. “आपली अशी न्हवती बोलत.”

त्याने चांद्याचं एक शिंग कापलं. ते उकळलं, तासलं, दगडावर घासलं. दिवसभर, आणि दुसरा दिवस उजाडला तरी तो घासतच होता. बद्रीनाथरावांची जीप आली तेव्हा मी त्याच्या मांडीवर होते, आणि पितळी लोलक बाजूला धुळीत पडला होता.

“अरे, पाहुने आलेत! असा का बसलायस रं?”

“घंटी न्हाई येनार, मालक.”

“मेंढरं माझ्या रानात बसतात, ते ध्यानात हाय ना?”

“हाय. म्हना तर आज उठवतो. डोंगरात जागा लई हाय.” बिभीषणने वर न पाहताच सांगितलं. “पर घंटी इथंच ऱ्हाईल. एकदा मुकी झालती, तवा भुऱ्या गेला. आता भलतंच बोलाय लावलं, तर चांद्या गेला. आता तिला तिचंच बोलू द्या.”

बद्रीनाथरावांनी एकदा कड्याकडे पाहिलं. मग ते जीपमध्ये बसून गेले. सत्कार झाला म्हणे, म्हाळूच्या फोटोचा. मेंढरं रानातून उठवायला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात सायलीने परदेशातल्या संग्रहालयाचा आणखी एक फोटो दाखवला. थोरली काचेच्या पेटीत आहे. तिच्यासमोर पाटी आहे, ‘हात लावू नये’. तिचा लोलक तारेने बांधून ठेवला आहे, चुकून वाजू नये म्हणून. मी तो फोटो नीट पाहिला. मला वाटलं होतं की आता माझा मत्सर संपेल. संपला नाही. तिचं नाव अजूनही मला हवंसं वाटतं. फक्त ते हवंसं वाटलं की त्याच्या पाठोपाठ तो कडाही आठवतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी, मळलेली वस्तू असेल. पाहुण्यांपुढे तिची लाज वाटत असेल. तिला घासायला घ्याल, तिचं काही बदलायला निघाल, तर त्याआधी तिच्या रोजच्या माणसांना विचारा, आणि जनावरांना विचारता आलं तर त्यांनाही. तिच्यावरची जी घाण तुम्हाला दिसते, ती कदाचित कुणाच्या ओळखीची खूण असेल.

आता माझ्या पोटात चांद्याचं शिंग आहे. नव्या म्होरक्याच्या गळ्यात मला बांधलं आहे. सायली दर आठवड्याला माझ्यावर लोकरीचा बोळा फिरवते, आणि माझी चमक हळूहळू उतरते आहे. संध्याकाळी उज्ज्वला वाड्याचं तोंड उघडते, मी ‘ठक् टण, ठक् टण’ करते, आणि माळावर पांगलेली मेंढरं कान टवकारून माझ्याकडे चालत येतात. सगळी येतात. चांद्या तेवढा येत नाही.